सभेत उभं राहून बोलायची भीती : सहा आठवड्यांचा सराव

सोसायटीची वार्षिक सभा संपत आलेली असते. अध्यक्ष विचारतात, "आणखी कुणाला काही बोलायचंय का?" तुमच्या मनात वाक्य तयार असतं, पाण्याच्या वेळेबद्दलचं किंवा पार्किंगबद्दलचं. छातीत धडधडायला लागतं, नजर सतरंजीवर जाते आणि तेवढ्यात "चला, चहा घेऊया" होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य खणखणीत ऐकू येतं.

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. व्याख्यानं द्यायला तो शिकवत नाही. सोसायटीची सभा, पालकसभा, ग्रामसभा, बचत गटाची बैठक, ऑफिसातली मीटिंग अशा ठिकाणी उठून पाऊण मिनिट बोलता यावं, एवढंच त्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी सहा आठवडे लागतात. रोज पंधरा मिनिटं घरी आणि आठवड्यातून किमान तीनदा बाहेर, प्रत्यक्ष माणसांत. साहित्य म्हणाल तर एक वही, फोन आणि जुन्या लग्नपत्रिकेसारखा जाड कागद.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो. "आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन" असं म्हणत माणसं वीस वीस वर्षं गप्प बसतात. आत्मविश्वास म्हणजे 'हे आपण पूर्वी केलंय आणि निभावलंय' ही आठवण. जे केलंच नाही त्याची आठवण येणार कुठून? म्हणून पहिल्या काही वेळा भीती सोबत घेऊनच उभं राहायचं असतं. ती मागाहून कमी होते.

शरीरात काय होतं ते आधी समजून घ्या

धोका आहे असं वाटलं की शरीर ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, तळहातांना घाम येतो, तोंड कोरडं पडतं, गुडघे आणि आवाज थरथरतात. समोर कुत्रा धावून आला तर हे सगळं उपयोगाचं असतं. सभेत धावायचं नसतं, त्यामुळे ती ताकद थरथरीत बाहेर पडते. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही आणि धडधाकट माणसाला त्या धडधडीने इजाही होत नाही.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही लाट चढते, टोकाला जाते आणि आपण तिथेच थांबलो तर आपोआप उतरते. बहुतेक जण नेमके टोकाला असताना पळतात. फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जातात, किंवा "काही नाही, राहू दे" म्हणून खाली बसतात. बसल्याबरोबर हायसं वाटतं आणि मन धडा घेतं, की बसलो म्हणून वाचलो. पुढच्या सभेला भीती आणखी थोडी वाढलेली असते. हे चक्र तोडायचं तर लाट उतरेपर्यंत थांबायला हवं, आणि ते जमावं म्हणून सुरुवात लहान लाटेपासून करायची.

ही युक्ती जुनी आणि तपासलेली आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन वर्षांच्या आतल्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवायचा. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी तो ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी मुलगा शांत राहिला. पुढे भीतीवरचे जे उपचार तयार झाले, त्यांच्या मुळाशी हीच पायरीपायरीची पद्धत आहे. आपला ससा म्हणजे ती सभा.

पहिला आठवडा : भीती कागदावर उतरवा

"मला लोकांची भीती वाटते" हे वाक्य सरावाच्या कामाचं नाही, कारण ते फार मोठं आहे. वहीत चार गोष्टी लिहा. कुठे बोलायची भीती वाटते? किती माणसांसमोर? त्यांत कोण असलं की जास्त वाटते? आणि नेमकं काय होईल असं वाटतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहा. "माझी फजिती होईल" एवढ्यावर थांबू नका. फजिती म्हणजे डोळ्यांना काय दिसेल, कानांना काय ऐकू येईल? "माझा आवाज चिरकेल आणि मागच्या रांगेतली दोघं हसतील" असं लिहिलं की ते तपासता येतं. सभेनंतर बघता येतं, की आवाज चिरकला का, कोण हसलं.

मग वेगवेगळ्या प्रसंगांना शून्य ते शंभर गुण द्या. शून्य म्हणजे घरात पंख्याखाली पडून राहणं, शंभर म्हणजे कल्पनेनेच पोटात गोळा येणं. दहा-बारा प्रसंग जमले की चढत्या क्रमाने शिडी मांडा. एका गृहिणीची शिडी साधारण अशी असू शकेल:

- फोनवर स्वतःचा एक मिनिटाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणं : २०
- भरल्या एसटीत कंडक्टरला सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणं, "फाटा आला की सांगाल का?" : ३०
- घरच्या चौघांसमोर उभं राहून वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचणं : ३५
- दुकानात "हे परत एकदा वजन करून दाखवा" म्हणणं, मागे रांग असताना : ४०
- पालकसभेत जागेवर बसून एक प्रश्न विचारणं : ५०
- बचत गटात मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवणं : ५५
- हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला दोन वाक्यांत आभार मानणं : ६५
- सोसायटीच्या सभेत उभं राहून एक मुद्दा मांडणं : ८०
- गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन : ९५

तुमचे आकडे वेगळे येतील. एखाद्याला अनोळखी गर्दीसमोर काही वाटत नाही, पण सासरच्या माणसांसमोर शब्द फुटत नाही. तसं असेल तर तीच पायरी वर ठेवा. खूपदा होणारी चूक म्हणजे दोन पायऱ्यांमध्ये मोठी खिंड ठेवणं. पस्तिसावरून थेट ऐंशीवर उडी घेतली की माणूस आपटतो आणि "हे आपल्याला जमणारं नाही" असं ठरवून वही मिटतो. अंतर दहा-पंधरा गुणांपेक्षा जास्त ठेवू नका.

दुसरा ते चौथा आठवडा : शिडी चढणं

वीस-तीस गुणांच्या पायरीपासून सुरू करा. प्रत्येक वेळी वहीत तीन आकडे टाका: करण्याआधी भीती किती, मध्ये जास्तीत जास्त किती झाली, संपल्यावर किती उरली. तीच पायरी तीन ते पाच वेळा करा. सर्वांत जास्तीचा आकडा पहिल्या वेळेच्या निम्म्यावर आला की वरची पायरी घ्या. पाच वेळा करूनही आकडा हलत नसेल, तर पायरी उंच झाली आहे. मध्ये अर्धी पायरी घाला. पालकसभेत प्रश्न विचारणं जड जात असेल, तर आधी सभा संपल्यावर बाईंना एकटं गाठून विचारा, मग दोन-तीन पालक जवळ उभे असताना विचारा.

आठवड्यातून एकदाच केलं तर फारसा उपयोग होत नाही. मधल्या सहा दिवसांत मन जुन्या वळणावर जातं. लागोपाठच्या दिवशी केलेली तीन लहान कामं महिन्यातून एकदा केलेल्या मोठ्या धाडसापेक्षा जास्त देतात. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलायच्या उपचारपद्धतीचे, जनक अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना बायकांशी बोलायला घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. महिन्यात सुमारे शंभर जणींशी ते बोलले. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली, कारण शंभरदा नकार ऐकूनही काही बिघडलं नव्हतं. तुमच्या सरावातही समोरच्याने चांगलं उत्तर दिलं की नाही याला गुण नाहीत. तोंड उघडलं याला आहेत.

घरच्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी करा. पहिली, मोठ्याने वाचन, तेही उभं राहून. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला प्रत्येक वाक्याचा शेवट ऐकू गेला पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि घाबरलेला माणूस नेमका शेवट गिळतो. "पाणी सोडू" पर्यंत ऐकू येतं, पुढचं "नये" हवेत विरतं आणि अर्थ उलटा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे श्वास. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत हळू बाहेर, असं सहा वेळा. एक मिनिट लागतं. "खोल श्वास घ्या" हा सल्ला ऐकून पुष्कळ जण भराभर मोठे श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती उलट वाढते. बाहेर जाणारा श्वास लांबवणं महत्त्वाचं.

कुबड्या ओळखा

शिडी चढूनही भीती कमी होत नसेल, तर बहुतेक वेळा कुठेतरी एखादी लपलेली कुबडी असते. भीती झाकायला आपण नकळत करतो त्या या गोष्टी: दाराजवळच्या खुर्चीत बसणं, शेजारणीला "तूच सांग ना" म्हणणं, कागदात डोकं खुपसून एका दमात वाचून टाकणं, मोबाइल हातात धरून ठेवणं, बोलण्याआधी "मला काही बोलता येत नाही, चुकलं तर माफ करा" म्हणणं. कुबडी असेपर्यंत मन यशाचं श्रेय कुबडीला देतं. एका वेळी एकच काढा. सर्वांत आधी ते माफी मागणारं वाक्य काढा. ते ऐकलं की लोक मुद्दा सोडून तुमच्या चुका शोधायला लागतात.

सगळे आपल्याकडेच बघताहेत ही भावनाही तपासण्यासारखी आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्यांनी तो पाहिला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आला होता. तुमच्या हाताची थरथर तुम्हाला आतून जाणवते, चौथ्या रांगेतल्या माणसाला ती दिसत नाही. पातळ कागद मात्र फडफडतो आणि चुगली करतो. जाड पत्रिकेचा तुकडा त्यासाठीच.

पाचवा आठवडा : पाऊण मिनिटाचं बोलणं तयार करा

सभेतलं चांगलं बोलणं तीन भागांत बसतं: मी कोण, काय घडलंय, काय व्हावं. उदाहरणार्थ:

"नमस्कार. मी बी विंग, तीनशे चार. नऊ तारखेपासून आमच्या मजल्यावर सकाळी सातनंतर पाणी येत नाही. तीन घरांत हीच अडचण आहे. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह या आठवड्यात प्लंबरकडून तपासून घ्यावा आणि काय निघालं ते नोटीस बोर्डावर लावावं, अशी विनंती आहे."

सावकाश बोललं तर हे अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. यात "नेहमीच" नाही, तारीख आहे. "कुणाचं लक्षच नसतं" असा आरोप नाही, मागणी आहे. तिला मुदतही आहे. असं बोलणं इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिता येतं, आणि सभेत बोलण्याचा खरा उपयोग तोच.

पूर्ण पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ असू द्या. मधल्यासाठी कार्डावर मोठ्या अक्षरात चार शब्द लिहा: ९ तारीख, सातनंतर, तीन घरं, व्हॉल्व्ह. मग उभं राहून दहा वेळा म्हणा, दर वेळी शब्द थोडे बदलू द्या. शेवटची दोनदा फोनवर ध्वनिमुद्रित करा. आपला आवाज ऐकायला सगळ्यांनाच विचित्र वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. लोकांना फोनमधलाच आवाज रोज ऐकू येत असतो आणि त्याची त्यांना सवय आहे.

सहावा आठवडा : प्रत्यक्ष सभा

सभा कुठली निवडायची ते आधी ठरवा. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी येते. नोटीस हातात आली की विषयपत्रिकेत आपला मुद्दा कुठे बसतो ते बघा. कुठेच बसत नसेल तर "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" इथे बसेल, पण तोवर लोक उठायला लागलेले असतात. त्यापेक्षा सचिवांना आधी लेखी कळवलेलं बरं. नाव पुकारलं गेलं की हात वर करायची धास्ती उरत नाही.

गावात राहत असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. नव्याने बोलू पाहणाऱ्या बाईसाठी ती शिडीवरची फार चांगली पायरी आहे. विषय तोच, माणसं ओळखीची आणि सरपंचांच्या खुर्चीचं दडपण कमी. तिथे जे बोललात तेच मग मोठ्या सभेत बोला.

शहरात कुठलीच सभा जवळ नसेल तर टोस्टमास्टर्स क्लब शोधा. लोकांसमोर बोलायचा सराव करायला माणसं तिथे जमतात. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या चळवळीचे क्लब मुंबई-पुण्यातही आहेत. पाहुणा म्हणून जाता येतं आणि पहिल्या दिवशी न बोलता नुसतं ऐकलं तरी चालतं. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचा भाग तिथे असतो, तो आपल्या सरावाला नेमका लागू पडतो.

त्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा. मागून बोललं की सगळी डोकी वळतात आणि जीव घाबरा होतो. रिकाम्या पोटी कडक चहा घेऊ नका, त्यानेही धडधड वाढते. पाण्याची बाटली जवळ असू द्या. पहिल्या पंधरा मिनिटांत काहीतरी लहान बोला, अगदी "मागचं ऐकू येत नाही, जरा मोठ्याने सांगता का?" एवढंही चालेल. एकदा आवाज फुटला की दुसरी वेळ सोपी जाते. वाट बघत बसलात तर भीती दर मिनिटाला चढत राहते.

तुमची पाळी आली की खुर्ची मागे सरकवा, उठा आणि दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा. लगेच सुरू करू नका. श्वास बाहेर सोडा, मनात एक-दोन म्हणा, मग "नमस्कार". ती दोन सेकंदं तुम्हाला युगासारखी वाटतील, ऐकणाऱ्यांना ती शांतपणाची वाटतात. माइक असेल तर तोंडापासून चार बोटं अंतरावर धरा, जाळीवर मूठ आवळू नका, शिट्टी वाजते. फुंकर मारून किंवा टकटक करून बघायचीही गरज नाही. ओळखीचा, मान डोलावणारा एक चेहरा शोधा आणि पहिलं वाक्य त्याला सांगा.

मध्ये काय काय बिघडू शकतं? शब्द आठवला नाही तर कार्डाकडे बघा, एक घोट पाणी प्या आणि "मुद्दा असा आहे, की" म्हणून पुढे जा. आवाज कापला तर वेग कमी करा, कापऱ्या आवाजातही वाक्य पुरं करा. कुणी "बसा हो ताई, हे झालंय मागे" म्हणालं, तर त्या माणसाशी वाद घालू नका. अध्यक्षांकडे वळून म्हणा, "माझं एक वाक्य राहिलंय, ते पुरं करते." सभा अध्यक्ष चालवतात, त्यामुळे परवानगी त्यांच्याकडेच मागायची. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आला तर "बघून सांगतो" पुरेसं आहे. डोळ्यांत पाणी आलं तरी चालतं, मागणीचं वाक्य तेवढं सोडू नका. आणि बोलून झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. किमान पाच मिनिटं तिथेच बसा, लाट उतरताना अनुभवा.

घरी आल्यावर वही उघडा. पहिल्या आठवड्यात लिहिलेलं भाकीत वाचा आणि त्याखाली घडलं ते लिहा: कोण हसलं, कोण काय म्हणालं, मागणीचं काय झालं. दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. "असं म्हणायला हवं होतं, तसं बोलायला नको होतं" हे उगाळणं सुरू झालं की उठून भांडी घासा, चक्कर मारा. रात्रभर उगाळलं तर चांगली झालेली सभाही मनात वाईट म्हणून साठते.

सराव पुरेसा नसेल तेव्हा

काहींना याहून जास्त मदत लागते, आणि ती घ्यावी. भीतीमुळे परीक्षा, नोकरीची मुलाखत, बढती वारंवार सोडावी लागत असेल, बोलण्याआधी दारूचा आधार लागत असेल, कुठलंही कारण नसताना अचानक जीव जातोय असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटा. बसल्या जागी सतत धडधड होत असेल तर आधी साध्या डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. थायरॉइड आणि ॲनिमियानेही असं होतं. बोलताना अडखळत असाल तर वाचा-उपचारतज्ज्ञ हा वेगळा मार्ग आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या मैत्रिणीने दिल्या म्हणून घेऊ नका. त्यांतल्या काही दमा असलेल्या माणसाला धोक्याच्या ठरतात.

मोठा खंड पडला की भीती थोडी परत येते. बाळंतपण, आजारपण, गाव बदलणं, नाहीतर नुसतीच दोन-चार महिने सभा न होणं. ऐंशीची पायरी तीस झालेली असते ती पुन्हा पन्नास वाटते. अशा वेळी शिडीवर दोन पायऱ्या खाली या आणि तिथून चढा, या खेपेला सहा आठवडे लागत नाहीत. खंड पडूच नये म्हणून एक सोपी सोय आहे: मंडळात, गटात, सोसायटीत आभारप्रदर्शनाचं काम मागून घ्या. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. वाक्यं बरीचशी ठरलेली असतात, नावांची यादी हातात असते, आणि चहा समोर आलेला असल्यामुळे ऐकणारेही खुशीत असतात.